शंभर टक्क्यांचा फळा

दाबके सरांच्या शाळेत दहावीला कोणी नापास होत नसे. कारण अगदी साधं होतं. जे नापास होतील अशी भीती असे, त्यांना दहावीत येऊच दिलं जात नसे.

आता हे असं उघड कोणी बोलायचं नाही, ही झाली रीत. शाळा मुलुंड पूर्वेची, मराठी माध्यमाची, अनुदानित. आजूबाजूला तीन इंग्रजी शाळा उभ्या राहिलेल्या. पट टिकवायचा तर निकाल दाखवायला हवा, असं संस्थेचे अध्यक्ष मधुकरराव प्रत्येक सभेत सांगत. आणि निकाल दाखवायचं काम होतं नंदकुमार दाबके सरांकडे. अक्षरशः दाखवायचं. गेटच्या आत डाव्या हाताला सिमेंटचा एक लांबरुंद फळा होता. दर जूनला सर साखरेच्या पाण्यात भिजवलेले रंगीत खडू घेऊन स्टुलावर चढत आणि त्यावर दहावीचा निकाल लिहीत. सरांचं अक्षर म्हणजे बघत राहावं असं. फलकलेखनाची दोन बक्षिसं त्यांच्या नावावर होती. सलग नऊ वर्षं त्यांनी तिथे शंभर टक्के लिहिलं, आणि दोन्ही शून्यांभोवती न चुकता कमळाच्या पाकळ्या काढल्या.

या पाकळ्यांची मशागत मे महिन्यात होई. नववीचा निकाल लागला की ज्यांचं गणित कच्चं, अशा दोन-तीन मुलांच्या पालकांना सर बोलावून घेत. शिपायाला चहा सांगत. मग अगदी घरातल्यासारखं बोलत. "हे बघा, मुलाला दडपण नको. दाखला काढून घ्या. सतरा नंबरचा फॉर्म भरायचा, घरी निवांत अभ्यास करायचा, थेट परीक्षेला बसायचं. रोज शाळेत यायला नको की काही नको." सतरा नंबरचा फॉर्म म्हणजे शाळेत न जाता बाहेरून दहावी देण्याचा अर्ज. सोय चांगली आहे, अडलेल्यांसाठीच केलेली. पण सुरीने भाजीही चिरतात आणि बोटही कापतं. पालक सही करत, दाखला घेत, उलट सरांचेच आभार मानून जात. सरांना यात वाईट असं काही वाटत नसे. आपण पोरांना नापासाच्या शिक्क्यातून वाचवतो, असंच ते स्वतःला सांगत आले होते, आणि माणूस स्वतःला सांगितलेलं फार लवकर खरं मानतो.

त्या मे महिन्यात कुंडलिक वाहुळे आले. शाळेजवळच्या एका टॉवरचे वॉचमन, मूळचे जालन्याकडचे, राहायला कांजूरमार्गला. त्यांची तेजल नववीत. गणितात शंभरपैकी बावीस. सरांनी चहा पाजला, नेहमीचं बोलले. कुंडलिकनी अर्जावर जपून, एकेक अक्षर लावत सही केली. दुसऱ्या दिवशी ते दाखला घ्यायला आले ते पेढ्यांचा पुडा घेऊन.

"सर, तुमचे लई उपकार. आमच्या पोरीला तुम्ही डायरेक दहावीला बसवलं."

सरांनी अर्धा पेढा खाल्ला. साखर आहे म्हणाले. उरलेला अर्धा त्यांनी टेबलाच्या कडेवर ठेवला. त्या अर्ध्या पेढ्याला लगेच मुंग्या लागल्या.

जूनला शाळेत नवीन मुख्याध्यापिका आल्या. ऋता खानविलकर. वय चाळिशीचं, आवाज बारीक, पण एकदा प्रश्न विचारला की उत्तर येईपर्यंत समोरच्याकडे नुसतं बघत राहायची सवय. पहिल्याच आठवड्यात त्यांनी सरांना बोलावलं.

"दाबके सर, वरून पत्र आलंय. एकही मूल शाळाबाह्य राहता कामा नये. प्रत्येक शाळेत एक शिक्षक बालरक्षक नेमायचा. सुटलेली मुलं शोधायची, घरी जायचं, परत आणायची. मी तुमचं नाव कळवलंय."

"माझं?" सर हसलेच. "मॅडम, आपल्याकडे गळती शून्य आहे. निकाल शंभर टक्के."

मॅडमनी एक कागद पुढे सरकवला. दाखला काढलेलं मूल जोवर दुसऱ्या शाळेत नाव घालत नाही, तोवर सरकारी पोर्टलवर ते एका वेगळ्या यादीत अडकून राहतं. त्या यादीत शाळेची सात नावं होती. तीन वर्षांची. सातही दाखल्यांच्या शिफारशीवर एकच सही होती, आणि अक्षर फार सुंदर होतं.

"ही सतरा नंबरवाली मुलं आहेत," सर म्हणाले.

"मग छानच. त्यांच्या फॉर्मचे नंबर तेवढे आणून द्या, म्हणजे मला तसं कळवता येईल."

मॅडमना सगळं ठाऊक होतं म्हणून त्यांनी सरांचं नाव दिलं, की सर सगळ्यांत ज्येष्ठ म्हणून दिलं, हे सरांना पुढे कधीही कळलं नाही. विचारायची छाती झाली नाही.

सरांनी काम अंगावर घेतलं ते सरकारी काम घेतात तसं, म्हणजे ढकललं. जून गेला, जुलै गेला. दोन-चार फोन लावले, त्यातले निम्मे बंद लागले. एक मुलगा गावी गेला होता, एक आयटीआयला लागला होता, एका मुलीचं लग्न झालं होतं. फॉर्म कोणीच भरला नव्हता. सरांनी यादीवर "संपर्क झाला" असं सुरेख अक्षरात लिहिलं आणि कागद टेबलाच्या काचेखाली सारला. या वर्षीच्या दोन नावांना, तेजल वाहुळे आणि सौरभ, त्यांनी फोनसुद्धा केला नव्हता. कालच तर गेलीत पोरं, भरतील की फॉर्म.

इकडे सरांच्या घरी वेगळीच मजा चालली होती. सरांच्या पत्नी माणिकताई यांचा मनगटाचा त्रास वाढल्यामुळे पोळ्या मे महिन्यापासून जवळच्या पोळी-भाजी केंद्रातून येत होत्या. आणि सर म्हणजे पोळीच्या बाबतीत महा चिकित्सक. लग्नाच्या तेहतीस वर्षांत त्यांनी माणिकताईंच्या पोळीला एकदाही चांगलं म्हटलं नव्हतं. पण या केंद्रातल्या पोळ्यांवर स्वारी खूश होती.

"पदर बघ कसे सुटलेत," सर म्हणत. "याला म्हणतात पोळी."

"नवीन मुलगी आलीय लाटायला," माणिकताई म्हणत. "एवढं कौतुक आहे तर एकदा जाऊन सांगा तिला. माझ्या वाट्याचंही सांगा, तेहतीस वर्षांचं साठलंय."

ऑगस्टमधल्या एका रविवारी माणिकताईंनी खरंच त्यांना पोळ्या आणायला पिटाळलं. केंद्र म्हणजे इमारतीच्या तळमजल्यावरचा एक गाळा. पुढे काउंटर, मागे चार शेगड्या, पिठाचा आणि गरम तव्याचा वास. सर काउंटरशी उभे राहिले आणि आत बघून म्हणाले, "अहो, ती नवीन मुलगी कोण? पोळ्या फार उत्तम करते."

लाटणं थांबलं. पोळपाटावरून मान वर झाली. कपाळाला पीठ, केस वर बांधलेले.

"सर!" तेजल वाहुळे उठून उभीच राहिली. सगळा चेहरा फुललेला. "सर, माझं हॉलतिकीट आलं का?"

सरांना आधी प्रश्नच कळला नाही.

"मी रोज पप्पांना विचारते. ते म्हणतात, सर सांगतील. बीजगणिताची दोन प्रकरणं वाचलीत मी. समजली नाहीत, पण वाचलीत."

शेजारच्या पोळपाटावर तिची आई होती, शकु. तीही हसत उभी राहिली, पिठाचे हात पदराला पुसत. "सर, तुम्ही एवढं केलं पोरीसाठी. पोळ्यांचे पैसे नका देऊ."

सर पोळ्या न घेताच बाहेर पडले. घरी माणिकताईंनी विचारलं, पोळ्या कुठायत? सर म्हणाले, भूक नाही. तेहतीस वर्षांत असं प्रथमच घडत होतं, म्हणून माणिकताईंनी पुढे काही विचारलं नाही.

संध्याकाळी सर कांजूरमार्गला गेले. वारा कचऱ्याच्या डंपिंग ग्राउंडकडून येत होता. चाळीत पत्ता विचारत विचारत ते वाहुळ्यांच्या खोलीशी पोचले. कुंडलिकनी धावत येऊन खुर्ची पुसली. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर होती, आणि त्या दोन्हींच्या बरोबर खाली एक कागद उभा केलेला होता. सरांनी जवळ जाऊन पाहिलं. तेजलचा शाळा सोडल्याचा दाखला. चकचकीत, लॅमिनेट केलेला.

"पाणी लागू नये म्हणून केला," कुंडलिक अभिमानाने म्हणाले. "आमच्या घरात दहावीचा पहिला कागद आहे."

सर खुर्चीत बसले. ज्या माणसाने आयुष्यभर शिका म्हणून सांगितलं, त्याच्या पायाशी त्यांनी, दाबक्यांनी, शाळा सोडल्याचा कागद नेऊन ठेवला होता. तोही सुंदर अक्षरात.

"कुंडलिकराव, सतरा नंबरचा फॉर्म भरलात ना?"

"भरला की. तुमच्या पुढ्यातच तर सही केली."

"तो... तो दाखला मिळण्याचा अर्ज होता. फॉर्म वेगळा असतो. तो तुम्ही भरायचा असतो."

कुंडलिक हळूच म्हणाले, "म्हणजे पोरगी दहावीला नाही?"

"नाही."

"कुठंच नाही?"

"कुठेच नाही," सर म्हणाले. बोलायला लागणारं सगळं बळ त्यांनी त्या दोन शब्दांत खर्च केलं.

तेवढ्यात शकु आणि तेजल कामावरून आल्या. सगळं ऐकून शकु नवऱ्याशेजारी जाऊन बसली. तेजल मात्र दारातच उभी राहिली. रडली वगैरे नाही. मुंबईची मुलगी.

"सोमवारपासून शाळेत ये," सर म्हणाले. "दहावीत. मी बघतो सगळं."

"नको सर."

"का?"

"त्या दिवशी मी ऑफिसच्या बाहेरच उभी होते. पप्पा सही करत होते आणि तुम्ही शिपायाला म्हणालात, हिला झेपणार नाही, उगाच वर्गाची वाट लावेल." तिने चप्पल काढली, नीट भिंतीला लावली. "पप्पांना ते कळलं नाही. मला कळलं. मला वाटलं, ठीक आहे, घरून तर घरून. पण आता परत वर्गात येऊन बसायचं आणि सगळ्यांचा निकाल खाली आणायचा? कशाला यार. केंद्रावर माझ्या पोळ्यांना लोक चांगलं म्हणतात."

छत्तीस वर्षांच्या नोकरीत सरांनी पोरांना "चूक कबूल कर" असं हजारदा सांगितलं असेल. आता पाळी स्वतःवर आली होती. ते उठले, आणि पंधरा वर्षांच्या त्या मुलीसमोर उभे राहून म्हणाले, "माझं चुकलं, तेजल. तुला झेपणार नाही असं नव्हतं. मला शिकवायचा कंटाळा होता. माझ्या फळ्याची काळजी होती."

तेजलने त्यांच्याकडे पाहिलं.

"केंद्रावर सकाळी सहा ते दहा जावं लागेल मला," ती म्हणाली. "आईला एकटीला होणार नाही."

"शाळा साडेबाराला भरते."

"आणि गणित?"

"अकराला ये. दीड तास माझा."

सोमवारी सकाळी सर लॅमिनेट केलेला दाखला घेऊन मॅडमच्या ऑफिसात गेले आणि घडलं ते सगळं, काही न वगळता सांगितलं. मॅडमनी त्या चकचकीत कागदावर बोट फिरवलं. "यावर रद्दचा शिक्का कसा मारायचा?" एवढंच त्या म्हणाल्या. मग त्यांनी प्लास्टिकला कागद चिकटवून त्यावर शिक्का मारला. "सतरा नंबरच्या फॉर्मची मुदत अजून आहे, सर. पण तो भरला तर ती पोळ्या लाटत लाटत बाहेरूनच बसेल. तिला वर्गात घेऊ. गेल्या दोन महिन्यांच्या हजेरीचा अर्ज मी करते. आणि ते दुसरं नाव?"

दुसरं नाव सौरभ. तो स्टेशनबाहेर मोबाइलची कव्हरं विकताना सापडला. सरांना बघून पळाला, सर मागे पळाले. अठ्ठावन्नला टेकलेला माणूस फुटपाथवरून "अरे थांब, मारत नाही, शाळेत घेतोय!" असं ओरडत धावताना अर्ध्या मुलुंडने पाहिला. पाचव्या दिवशी सौरभही वर्गात होता.

आता मधुकरराव गप्प बसणार होते थोडेच. ऑफिसात येऊन त्यांनी टेबलावर हात आपटला.

"दाबके, नऊ वर्षं! नऊ वर्षांची परंपरा तुम्ही दोन पोरांपायी मातीत घालणार? मे महिन्यात तुम्हीच काढलीत ना त्यांना?"

"मीच काढली. म्हणून मीच आणली."

"कोणाला विचारून?"

ऋता मॅडमनी शांतपणे फाइल उघडली आणि ते पत्र काढलं. तेच, बालरक्षकाचं. "साहेब, शाळेत परत यायला तयार असलेल्या मुलाला नाही म्हणायचा अधिकार मला नाही आणि तुम्हालाही नाही. लेखी आहे. तुम्ही नाही म्हणत असाल तर तेही लेखी द्या, मी वर पाठवते."

असली पत्रं शाळेत महिन्याला डझनभर येतात. आली की फाइलला लागतात, आणि फाइल कपाटाला. सरांनीही तेच केलं असतं, केलंच होतं. पण त्या दिवशी त्यांनी पाहिलं की पत्राला कोणी खरंच हातात धरून उभं राहिलं, तर मधुकररावांसारखा माणूससुद्धा दोन पावलं मागे सरतो.

"निकाल पडला तर?" मधुकरराव दारातून म्हणाले.

"तर तो फळ्यावर मी लिहीन," सर म्हणाले. "माझ्याच अक्षरात."

म्हणायला सोपं होतं. करायला घेतलं तेव्हा सरांना घाम फुटला. रोज अकरा ते साडेबारा, रिकाम्या वर्गात एक शिक्षक आणि दोन मुलं. सौरभ सारखा खिडकीबाहेर बघायचा. तेजलच्या बोटांना पिठाचा वास, आणि डोळ्यांवर पहाटेची झोप. पहिल्या दिवशी सरांना वाटलं, हिला हिच्याच भाषेत शिकवावं. म्हणून त्यांनी मोठ्या प्रेमाने फळ्यावर एक गोल काढला.

"समज, तू चाळीस पोळ्या लाटल्यास आणि त्यातल्या..."

"सर," तेजल म्हणाली, "पोळीचं नका ना सांगू. सकाळपासून तेच बघून आलेय. पुस्तकात आहे तसं शिकवा. एक्स म्हणजे एक्स."

सरांनी निमूटपणे गोल पुसला. एक्स म्हणजे एक्स. त्या दिवसापासून त्यांनी तिला अगदी पुस्तकातलं, अगदी नियमाने शिकवलं, आणि लक्षात आलं की तिला गणित येत नव्हतं असं नाही. सातवीतल्या ऋण संख्यांपाशी तिचा हात सुटला होता. तेव्हा ती तीन महिने आजारी होती आणि परत आल्यावर मागचं कोणी शिकवलं नव्हतं. पुढच्या वर्गात घातलं, त्याच्या पुढच्या वर्गात घातलं, आणि नववीत एकदम बावीस मार्कांचा खड्डा. सर सातवीच्या पुस्तकापर्यंत मागे गेले. दिवाळीपर्यंत ते दोघे आठवीत आले. नाताळात नववी संपली. जानेवारीत शकु आपणहून म्हणाली, आता मी एकटी लाटते, तू जा. दाबक्यांच्या घरी पोळ्या जाड यायला लागल्या. सर निमूट खात, आणि माणिकताई तोंडाला पदर लावून हसत.

सराव परीक्षेत तेजलला एकोणतीस. सौरभला अकरा. मधुकररावांचा निरोप आला, अजून वेळ गेलेली नाही. सरांनी निरोप आणणाऱ्या शिपायाला चहा पाजून परत पाठवलं. त्या आठवड्यात त्यांना झोप मात्र लागली नाही. शंभर टक्क्यांची काळजी नव्हती, ती केव्हाच मागे पडली होती. काळजी तेजलची होती. एकदा "तुला झेपेल" असं सांगून बसवलं आणि ती खरंच पडली, तर ती पुन्हा कोणावर कधी विश्वास ठेवणार?

परीक्षा झाली. मे उजाडला. निकालाच्या दिवशी शाळेला सुट्टी असूनही ऑफिसात गर्दी होती. बरोबर एकला मॅडमनी संगणकावर शाळेचा क्रमांक टाकला. पान फिरत राहिलं, फिरत राहिलं. सर खिडकीशी, सगळ्यांकडे पाठ करून उभे होते, हातातल्या खडूचे तुकडे करत.

"बेचाळीस बसले," मॅडम वाचत म्हणाल्या. "उत्तीर्ण... एक्केचाळीस."

मधुकररावांनी कपाळावर हात मारला. "पडला! सांगत होतो मी! कोण?"

मॅडमनी यादी खाली सरकवली. सरांना वळायचं धाडस होईना.

"सौरभ. गणितात." त्या थांबल्या. "तेजल कुंडलिक वाहुळे. उत्तीर्ण. एकसष्ट टक्के. गणितात चौपन्न, सर."

दाबके सर वळले. त्यांना काहीतरी भारदस्त बोलायचं होतं. त्याऐवजी त्यांनी एवढ्या जोराने "हात्तिच्या!" म्हणून टेबलावर थाप मारली की शिपाई आत धावत आला. मग ते खुर्चीत बसले आणि सगळ्यांसमोर, मधुकररावांच्या देखत, खडूने भरलेल्या हातांनी डोळे पुसू लागले. डोळ्यांखाली गुलाबी पट्टे उमटले. कोणी हसलं नाही. मॅडमसुद्धा दुसरीकडे बघत होत्या.

त्याच दुपारी सरांनी स्टूल बाहेर काढलं. जूनची वाट कोण बघतो! ओला फडका घेऊन त्यांनी नऊ वर्षांच्या सवयीचा तो फळा आधी लख्ख पुसला. साखरेच्या पाण्यात भिजवलेले खडू ओळीने मांडले आणि लिहायला सुरुवात केली. बघता बघता मागे माणसं जमली. मधुकररावही होते.

नववीत होते : बेचाळीस
दहावीला बसले : बेचाळीस
उत्तीर्ण : एक्केचाळीस
शाळेतून काढले : एकही नाही

"टक्के कुठायत?" मधुकरराव म्हणाले. "सत्त्याण्णव पॉइंट काहीतरी होतात. ते कोण वाचणार?"

"साहेब, या फळ्यावर नऊ वर्षं मी खोटं लिहिलं," सर स्टुलावरूनच म्हणाले. "आज पहिल्यांदा खरं लिहितोय. दोन मिनिटं थांबा, पाकळ्या राहिल्यात." आणि "एकही नाही" या शब्दांभोवती त्यांनी कमळाच्या पाकळ्या काढायला घेतल्या.

सौरभ फळ्यासमोर येऊन उभा होता, हात खिशात घालून. "सर, ते एक्केचाळीस आहे ना, त्याच्या बाजूला जागा ठेवा. जुलैत परत बसतोय मी. एकतीस पडलेत. चारच तर कमी आहेत."

"जागा ठेवलीय रे," सर म्हणाले. "उद्यापासून अकराला ये."

तेजल आली ती गेटातून धावतच. मागे कुंडलिक, वॉचमनच्या गणवेशातच, ड्यूटी अर्धी टाकून आलेले, हातात पेढ्यांचा पुडा. त्यांच्या मागे शकु, पिठाचे हात तसेच. तेजलने फळा एकदा वाचला. दुसऱ्यांदा वाचला. मग सरळ स्टुलाशी येऊन म्हणाली, "चौपन्न, सर! चौपन्न! एक्स म्हणजे एक्स!"

"झकास," दाबके सर म्हणाले. हा शब्द त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच वापरला असावा.

कुंडलिकनी पुडा उघडून पुढे धरला. "सर, घ्या. मागल्या टायमाला तुम्ही अर्धाच खाल्ला होता. माझ्या ध्यानात आहे."

सरांनी पेढा घेतला, अख्खा तोंडात टाकला आणि दुसरा उचलला. साखरेचं काय व्हायचं ते होईल. माणिकताईंना सांगायचं नाही एवढंच.

"एक विचारायचं होतं," कुंडलिक जरा संकोचून म्हणाले. "गुणपत्रिका मिळाली की कोपऱ्यावरच्या दुकानात नेऊन लगेच लॅमिनेट करून घेतो. पाणी लागायला नको. करू ना?"

"अजिबात नाही!" दाबके सर एवढ्याने ओरडले की हातातला खडू खाली पडला. "ती अकरावीला लागेल, कुंडलिकराव. मग बारावीला. मग कुठे कुठे लागेल. त्यावर अजून पुष्कळ शिक्के बसायचे आहेत."